दुसरा प्रकार

कपाटाचं दार उघडलं तर आत दिवा जळत होता. साधाच, पिवळसर, अंगठ्याएवढा. पण नवा कोरा, काचेवर धुळीचा कण नाही. न्हाणीघरात कुणी असताना चुकून आत शिरावं तसं तिने दार पटकन लोटलं आणि मुठीवरचा हात न काढता तशीच उभी राहिली. मग पुन्हा उघडलं. दिवा होताच. त्याच्या उजेडात मधल्या फळीवरची काचेच्या बश्यांची चवड हिरवी झाली होती. राखाडी हिरवी, मखमलीसारखी, या काठापासून त्या काठापर्यंत. ज्याला यातलं काही कळत नाही तो म्हणाला असता, वा, काय फोफावलंय. तिला कळत होतं. 

हे कपाट अंधारासाठी होतं. आतली ऊब कमीजास्त होत नाही, हवा हलत नाही, आणि दिव्याची खोबण मुद्दाम रिकामी ठेवलेली. तिचे गुरू इथे काम करत होते तेव्हापासून रिकामी. ती ज्या बुरशीवर काम करायची तिचा स्वभावच तसा होता. उजेड लागला की ती बुरशी कुणाची वाट बघत नाही, एकटीच बी धरते. एका धाग्यावर शेकडो दाणे, सगळे हुबेहूब तिच्यासारखे, नुसती फुंकर मारली तरी उडून जाणारे. पण अंधारात ठेवलं, खायला बेताचं दिलं आणि महिनोन्महिने कुणी हात लावला नाही, तर तिच्या आतली काही निजलेली जनुकं जागी होतात आणि मग ती जोडीदार शोधते. या बुरशीचे प्रकार दोनच, पहिला आणि दुसरा. नर-मादी म्हणावं तर तसंही नाही. दिसायला दोन्ही सारख्या. फरक एवढाच की एका ठरावीक जागी एकीत एक जनुक असतं आणि दुसरीत भलतंच. त्या एवढ्याशा फरकावर सगळा खेळ. त्यामुळेच एकीचा गंध दुसरीला कळतो, धागे एकमेकांकडे वळतात, एकमेकांत शिरतात, आणि पुष्कळ दिवसांनी खसखशीएवढे पिवळट गोळे धरतात. त्यांच्या आतली पिल्लं दोघींची असतात आणि धड कुणासारखीच नसतात. बशीत दोन्ही एकाच प्रकारच्या पडल्या, तर मात्र कितीही अंधार द्या, काही होत नाही.

प्रत्येक बशीत तिने दोन बुरश्या शेजारी शेजारी पेरल्या होत्या, एक इथली, पहिल्या प्रकारची, आणि एक बाहेरून आलेली, प्रकार ठाऊक नसलेली. पाच महिने तिने अंधार दिला होता. महिनाभर आणखी द्यायचा होता.

"मॅडम, बघितलंत का?" मागून आवाज आला. दारात वायरमन उभा होता, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू. "तुमच्या कपाटात दिवाच नव्हता की हो. किती वर्षं चाचपडत होतात देव जाणे. म्हटलं दोन दिवस सुट्टी आहे, सगळ्या खोल्यांचं एकदा बघून टाकावं. बटण पण बिघडलं होतं, ते पण केलं."

ती वळली. काहीतरी बोलायचं होतं, आणि ते मोठ्याने बोलायचं होतं. पण त्या माणसाची नखं काळी झाली होती, सुट्टी सोडून आला होता, आणि त्याने जे केलं ते मनापासून आणि चोख केलं होतं.

"छान केलंत," ती म्हणाली.

"काही लागलं तर आवाज द्या," तो म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला. तिने बटण बंद केलं. आता बंद करून उपयोग नव्हता, तरी केलं. तिला हसू येऊ लागलं, आणि त्या हसण्याचं रडणं होईल असं वाटलं तशी ती नळाशी जाऊन हात धूत राहिली. हात धुण्याची तिला या वर्षात इतकी सवय झाली होती की बोटांच्या पेरांवरची कातडी कोरड्या कागदासारखी झाली होती. साबण, कोपरापर्यंत फेस, नखांच्या खाली ब्रश. कुणासाठी आता, असं एकदा मनात आलं होतं, आणि तरीही हात धुवायचे थांबले नव्हते.

तिची विद्यार्थिनी आली ती नेहमीसारखी दाराला धडकून. तिला सगळे 'वादळ' म्हणत. ती ज्या टेबलाजवळून जाई तिथलं काही ना काही खाली पडायचंच. पण हातात नळी आली की तीच मुलगी एकदम शांत व्हायची. तिने बश्या पाहिल्या, एक उचलून उजेडाकडे धरली.

"गेलं सगळं?"

"गेलं."

"वायरमनकाकांचा गळा दाबू का?"

"नको. छान दिवा लावलाय."

वादळाने तिच्याकडे नीट बघितलं. मग बशी खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, रागावू नका. पण पुन्हा सहा महिने घालवण्यापेक्षा सरळ जनुकच तपासू ना. मूळ बुरशी फ्रीजमध्ये आहेच. दुपारपर्यंत कळेल पहिला प्रकार की दुसरा. खरं सांगू? तुम्ही पहिल्याच दिवशी हे का केलं नाहीत ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. एका दिवसाच्या कामाला तुम्ही सहा महिन्यांचा रस्ता धरलात."

ती बश्या एकावर एक रचत राहिली. उत्तर एवढंच होतं, की सहा महिने लागतात म्हणूनच तिने तो रस्ता धरला होता. प्रश्न विचारल्यासारखा व्हावा आणि उत्तर मात्र इतक्यात येऊ नये. कपाट बंद करून ती रोज घरी जायची तेव्हा तिला वाटायचं, आत कुणीतरी माझ्या वतीने विचार करतंय. मला आत्ता करायला नको. आणि वादळाला हे कळणार तरी कसं? बुरशी ज्या नळीतून आली होती तिच्यावर फक्त एक नंबर होता. नंबर कुणाचा ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तो तिच्या नवऱ्याचा, हॉस्पिटलातला होता.

नवरा पोहायला शिकवायचा. तलावाच्या काठावर गळ्यात शिट्टी अडकवून उभा, आणि पाण्यात एकदम वीस-पंचवीस पोरं. कोण खरोखर बुडतंय आणि कोण सोंग करतंय हे त्याला पाठमोरं असतानाही कळायचं. घरी यायचा तेव्हा कितीही आंघोळ करो, अंगाला क्लोरीनचा वास असायचा. ती आल्यावर तो नाक तिच्या मानेशी नेऊन म्हणायचा, "बाईसाहेब, तळघर आलं." मग ती म्हणायची, "आणि तुझा हौद." "मी दिवसभर जंतू मारतो आणि तू दिवसभर वाढवतेस. आपलं जमलं कसं?" लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी हा विनोद शिळा झाला नव्हता, कारण दर वेळी तो नव्यानेच सुचल्यासारखा करायचा. मूल झालं नाही. सुरुवातीला त्याचं दुःख झालं, मग ते दुःख घरातल्या एखाद्या जड कपाटासारखं एका जागी बसलं आणि त्याला वळसा घालून जायची दोघांना सवय झाली. लोक चेष्टा करायचे, की हिच्या बुरशीलासुद्धा पोरं होतात. तिला त्या चेष्टेचा राग यायचा तो निराळ्याच कारणाने, कारण बुरशीला तरी कुठे होत होती? गुरूंनी आयुष्यभर मातीचे नमुने गोळा केले, कुजलेला पाला, धान्याची कोठारं, कबुतरांची घरटी, सगळं धुंडाळलं. जी बुरशी सापडली ती प्रत्येक वेळी पहिल्या प्रकारची. प्रयोगशाळेतल्या सगळ्या बुरश्या त्या एकाच प्रकारच्या. दुसरा प्रकार जगात इतरत्र कुणाकुणाला मिळाला होता, पण तो जिवंत मागवायची परवानगी कधी आली नाही. आला तो मेलेल्या बुरशीतून काढलेल्या अर्काचा एक थेंब, ताडून पाहण्यापुरता. गुरू निवृत्त होताना म्हणाले होते, "कुठेतरी आहे ती. आपल्याच हवेत आहे. आपण तिच्या जवळून जातो आणि आपल्याला कळत नाही."

नवऱ्याला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की औषधांनी रोग मरेल, पण त्याबरोबर अंगातली झुंजायची ताकदही काही काळ मरेल. घरात कुंड्या नकोत, ओल नको, धूळ नको. डॉक्टरांनी तिला काय काम करता असं विचारलं, आणि तिने सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला वेगळं सांगायला नको," ते म्हणाले. तिने रजा घेतली. घरातल्या सगळ्या कुंड्या तिने आणि सासूबाईंनी मिळून जिन्यातून खाली नेल्या. नवरा टक्कल झालेल्या डोक्यावरून हात फिरवत बघत होता, म्हणाला, "एवढं पाण्यात राहिलो आणि शेवटी वाळवंटात आणून ठेवलंत." रजेच्या त्या काळात ती फक्त एकदा प्रयोगशाळेत गेली. एका दुपारी वादळाचा रडवेला फोन आला, की डीप फ्रीज बंद पडलाय, सगळी वाणं वितळतील. गुरूंचं हयातभराचं काम त्या फ्रीजमध्ये होतं. ती गेली, सगळं दुसरीकडे हलवलं, तिथेच केस धुतले, कपडे पिशवीत बांधून तिथेच टाकले, दुसरे घालून घरी आली, घरी पुन्हा आंघोळ केली. मग त्याच्या पलंगाच्या कडेला बसली. तो झोपेत होता. त्याने डोळे न उघडता नाक फुरफुरवलं आणि म्हणाला, "तळघर." एवढं धुऊनही. पुढच्याच आठवड्यात ताप चढला.

छातीच्या एक्स-रेमध्ये एक पांढरा ढग दिसला. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतला तरुण डॉक्टर पूर्वी तिची व्याख्यानं ऐकायला यायचा. तोच धावत आला, आणि सांगायचं तिच्या नवऱ्याबद्दल असूनही विचारायचं तिलाच होतं म्हणून गोंधळला. "मॅडम, एकदा बघाल का? मला वाटतंय ते चुकीचं असू दे." तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बागेतल्या झारीच्या तोंडासारखं डोकं, त्यावर दाण्यांच्या माळा. वर्षानुवर्षं रोज सकाळी पाहिलेला चेहरा. ओळख पटायला जितका वेळ लागतो तितकाही लागला नाही. तिने डोळा काढला नाही, कारण काढला असता तर बोलावं लागलं असतं. ही बुरशी सगळ्यांच्याच श्वासातून आतबाहेर करते, धडधाकट माणसाला तिचा पत्ताही लागत नाही, हे ती दर वर्षी नव्या मुलांना हसत हसत सांगायची. त्याला औषधं दिली, ती लागू पडली नाहीत. सगळं उरकल्यावर त्याच तरुण डॉक्टरने खाली मान घालून विचारलं, "नमुना नष्ट करू, की..." "द्या मला," ती म्हणाली. त्याच्या अंगातलं अजून जिवंत असलेलं तेवढंच होतं. हा विचार किती भयंकर आहे हे तिला कळत होतं, आणि तरी ती नळी तिने पर्समध्ये, चष्म्याच्या डबीत, कापसात गुंडाळून नेली.

"करू का मग?" वादळ विचारत होती. हातमोजे तिने आधीच चढवले होते.

"कर."

हिशेब सरळ होता. पहिला प्रकार निघाला, तर ती बुरशी जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेली असू शकते, आणि तिच्या केसांतून, नखांतूनही आलेली असू शकते. ही शंका मग जन्मभर पुरेल. दुसरा निघाला, तर ती इथली नाही. इथे दुसरा प्रकार कधी नव्हताच. वादळ धागे कुटत होती, थेंब मोजत होती, यंत्र घरघरू लागलं. ती खिडकीशी जाऊन बसली. खाली रस्त्यावर एक बाई मुलाचं नाक पुसत होती, एक माणूस गाडीचं चाक बदलत होता, कुणाचं काही अडलेलं नव्हतं. तिला सासूबाई आठवल्या. या वेळी त्या फरशी पुसत असतील. तो गेल्यापासून त्या सारखं काही ना काही धूत होत्या. पडदे, उशांचे अभ्रे, रिकाम्या पलंगावरची चादर, जी कुणी वापरत नव्हतं. तिचे प्रयोगशाळेतून आलेले कपडे त्या आल्या आल्या मागून घ्यायच्या आणि निराळे उकळत्या पाण्यात टाकायच्या. तोंडाने एक शब्द नाही. पण त्या पाण्याच्या वाफेतून तिला सगळं ऐकू यायचं: तूच आणलंस. माझ्या पोराला तूच आणून दिलंस. दोघी एका घरात राहायच्या, एका ताटलीतली पोळी अर्धी अर्धी करून खायच्या, आणि त्याचं नाव घ्यायच्या नाहीत. एकदा न राहवून तिने विचारलं होतं, "आई, तुम्हाला माझ्याबद्दल काही म्हणायचंय का?" सासूबाईंनी कसल्याशा भीतीने तिच्याकडे पाहिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "मला? नाही गं. मी कोण म्हणणारी." ती भीती तिला राग वाटली होती.

"मॅडम!"

वादळ किंचाळलीच. स्टूल आडवं झालं. निळ्या उजेडाच्या पेटीत तीन रेघा होत्या: एक इथल्या पहिल्या प्रकाराची, एक त्या परक्या थेंबाची, आणि तिसरी नळीतल्या बुरशीची. तिसरी आणि दुसरी एकाच पातळीवर, पट्टी लावून आखल्यासारख्या.

"दुसरा प्रकार! मॅडम, दुसरा! सर जन्मभर शोधत होते तो! आणि पाच महिने आपल्याच कपाटात होता! कुठून मिळाला हो हा? कुठल्या मातीतून?" तिने मॅडमचे दोन्ही खांदे धरले, मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन सोडले. शेजारच्या खोलीतले दोघेतिघे धावत आले. कुणीतरी चहा सांगितला. कुणीतरी गुरूंना फोन लावला आणि तो तिच्या कानाला दिला, पलीकडे थकलेला आवाज थरथरत म्हणत होता, "मी म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं, आपल्याच हवेत आहे?" ती हो म्हणाली. ती सगळ्यांना हो म्हणाली. इतक्या वर्षांत एवढा आनंद या खोलीत कुणी पाहिला नव्हता, आणि ती त्याच्या मधोमध उभी राहून, आपला चेहरा योग्य दिसतोय ना, एवढंच बघत होती. मातीतून नाही, तिला सांगायचं होतं. क्लोरीनचा वास येणाऱ्या माणसातून.

बाहेर पडली तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. ती चालत निघाली. मी नव्हते. रस्ता ओलांडताना तिने ते वाक्य ओठांनी म्हणून पाहिलं. माझ्याकडून नव्हती. माझ्या केसांतून नाही, हातांतून नाही. आता हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, पहिल्या दोन गल्ल्यांपुरतं. श्वास पार तळापर्यंत गेला. पण मग तिच्या लक्षात आलं की पाठीमागून काहीतरी सुटून चाललंय. अपराध होता तोवर त्याच्या मरणात तिचा हात होता, म्हणजे निदान काहीतरी होतं. रोज उठून ती त्याच्याशी भांडत होती, माफी मागत होती, त्या दुपारी न जाता घरी थांबत होती. आता ते मरण कुणाचंच नव्हतं. हवेतून आलं, श्वासातून गेलं. एखाद्या अनोळखी माणसाचा धक्का लागून हातातली वस्तू फुटावी आणि वळून बघेपर्यंत तो माणूस गर्दीत मिसळून जावा, तसं. एका दुकानाच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. निर्दोष बाईचा चेहरा. तिला तो ओळखू येईना. तरीही आज घरी गेल्यावर सांगायचं, एवढं तिने पक्कं केलं. सासूबाईंच्या डोळ्यांना डोळा भिडवून सांगायचं. तेवढा तरी हक्क आहे.

सासूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या. उकळत्या पाण्याचं पातेलं शेगडीवर तयार होतं. "कपडे दे," त्या म्हणाल्या.

"देते. आई, मला एक बोलायचंय."

"बोल की."

"त्याच्या छातीत जी बुरशी झाली होती ना, ती मी हॉस्पिटलमधून आणली होती. माझ्याकडे आहे. आज तपासली."

सासूबाईंचा हात शेंगेवर थांबला. "तपासली म्हणजे काय केलं?"

"म्हणजे ती कुठली होती, कुठली नव्हती, ते थोडंफार कळतं."

वाक्य जिभेवर तयार होतं. ती ते बोलणार, एवढ्यात सासूबाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "रजईतून आली असली तर तेही कळतं का गं?"

"कुठली रजई?"

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. "तू त्या दिवशी दुपारी गेली होतीस. तुझा तो फ्रीज बिघडला होता तेव्हा. त्याला हुडहुडी भरली. अंगावर सगळी पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. मला काही सुचेना. माळ्यावर तुझ्या सासऱ्यांची जुनी रजई होती, कापसाची. किती वर्षं बांधून पडलेली. ती काढली. ओलसर वास येत होता, मी म्हटलं झटकली की जाईल. बाहेर पाऊस, मग तिथेच झटकली. त्याच्या खोलीत." त्या थांबल्या. "खिडकीतून थोडं ऊन आलं होतं तेवढ्यात. त्यात धूळ दिसत होती. इतकी धूळ. तो खोकला आणि म्हणाला, आई, बाबांचा वास आला. झोपला मग, गाढ झोपला. तू यायच्या आत मी ती वर टाकली, तुला कळलं असतं तर ओरडली असतीस म्हणून. नंतर जाळली. पण ती धूळ घरात अजून आहे, मला कळतं ना. कितीही पुसलं तरी आहे. तुझे कपडेही त्यासाठीच उकळायचे, त्यांना चिकटून ती तुझ्या यंत्रापर्यंत पोचू नये म्हणून. तू तर सगळं ओळखतेस. मला रोज वाटायचं, आज ही ओळखणार."

ती समोर बसली. तिच्या डोळ्यांपुढे ती खोली होती. उन्हाची तिरीप, तिच्यात तरंगणारे दाणे, आणि पलंगावर त्या दाण्यांकडे वर तोंड करून पडलेला तो. वर्षानुवर्षं बांधून पडलेला ओलसर कापूस. तिला कुणी विचारलं असतं, की अशा ठिकाणी काय सापडेल, तर तिने डोळे मिटून सांगितलं असतं. रजई जळून गेली होती, खात्री करायला आता काहीच उरलं नव्हतं. आणि तरी तिला माहीत होतं. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. तिला इतके महिने राग वाटलेली तीच नजर. राग नव्हता तो. कधीच नव्हता. तिच्या मनात क्षणभर काहीतरी दुष्ट, थंड असं डोकावलं: म्हणजे इतके दिवस मी जळत होते ते तुमच्यासाठी. ते डोकावलं, आणि त्या सुरकुतलेल्या बोटांत अजून धरून ठेवलेली शेंग पाहून तिथेच विरलं.

"रजईतून नव्हती आई," ती म्हणाली.

"नव्हती?"

"नाही. तेच सांगायला आले होते. माझ्याच प्रयोगशाळेतली निघाली. माझ्याबरोबरच आली घरात."

"नक्की?"

"नक्की. जनुकं जुळली. यंत्राने दाखवलं."

"यंत्र चुकत असेल की."

"यात नाही चुकत."

सासूबाईंनी दोन्ही तळवे तोंडावर घेतले. हॉस्पिटलमध्ये त्या रडल्या नव्हत्या, घरी आणलं तेव्हा नाही, नंतरही नाही. आता त्या मोठ्याने, आवाज काढून, लहान मुलासारख्या रडल्या. खांदे वर-खाली होत होते, टेबल हलत होतं, शेंगा घरंगळून खाली पडत होत्या. ती उठून त्यांच्यामागे उभी राहिली आणि त्यांची पाठ चोळत राहिली. मधेच तिला वाटलं, खरं सांगून टाकावं. आत्ता, या क्षणी. तिलाही कुणाच्या तरी कुशीत असं रडायचं होतं, माझ्याकडून नव्हती म्हणून. ते वाक्य अजून तिथेच होतं, जिभेच्या टोकाशी. तिने ते गिळलं. ते खाली उतरताना लागलं, आणि उतरलं.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी पालथ्या हाताने डोळे पुसले आणि मान वर करून तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. "हे बाहेर कुणाला बोलू नकोस."

"का?"

"का काय? लोकांना तोंडं आहेत. काय वाटेल ते बोलतील तुला. तुझ्या ऑफिसातही सांगू नकोस. माझ्यापाशी बोललीस ते माझ्यापाशी राहिलं." त्या जरा थांबल्या. "तू काय मुद्दाम आणलीस? जीव टाकत होतीस त्याच्यावर. मी बघत नव्हते का?"

 सासूबाईंनी मनगट सोडलं नाही. निर्दोष म्हणून घ्यायला ती आली होती, आणि मिळाली होती माफी, जी तिची नव्हतीच. तरी ती तिथेच, जमिनीवर, शेंगांच्या पसाऱ्यात बसली.

"ऊठ, जेवून घेऊ," सासूबाई म्हणाल्या. "मला भूक लागलीय." शेगडीवरचं पातेलं त्यांनी स्वतःच उतरवून ठेवलं आणि दुसरं चढवलं.

जेवताना त्या सावकाश पण पोटभर जेवल्या. ताटातलं संपत आलं तेव्हा घास हातात धरून त्या एकदम हसल्या आणि त्याचं नाव घेतलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. ते नाव घरातल्या घरात किती अनोळखी झालं होतं!

"पाच वर्षांचा असेल," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी मागच्या अंगाला पाण्याची टाकी होती. मी शोधतेय, हाका मारतेय, हा कुठे नाही. टाकीत वाकून बघते तर तळाशी बसलेला. डोळे उघडे. हलत नाही. माझं तर काळीजच गेलं. किंचाळले, सगळी आळी गोळा केली, माझे भाऊ कपड्यांनिशी उडी मारणार, एवढ्यात हा आपला फुस्स करून डोकं वर काढतो, आणि पहिलं काय विचारावं? आई, किती वेळ झाला?"

ती हसली. खरंखुरं हसू आलं, आणि हसता हसता घास बाजूला ठेवावा लागला.

"मग? किती वेळ झाला होता?" तिने विचारलं.

"अगं, तेच तर," सासूबाई म्हणाल्या, आणि समोर बघत आठवत राहिल्या.